कोपऱ्यातलं हिरवं चित्र

हे मी सांगायचं नव्हतं. माईंनी मला एकदाच बजावलं होतं, आणि माई कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाहीत.

पण त्या म्हणाल्या होत्या, "विश्वजितला सांगू नकोस." कागदाला सांगू नकोस, असं म्हणाल्या नव्हत्या.

म्हणून लिहिते आहे.

"...मग मन तसं का होत नाही, माई?"

गेल्या शनिवारी दुपारी मी ताकाचा तांब्या घेऊन मठीत शिरले, तेव्हा विश्वजितदादाचा प्रश्न अर्धा विचारून झाला होता.

"तसं म्हणजे कसं?" माई म्हणाल्या.

"असं." त्यानं आपला फोन त्यांच्यासमोर धरला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात खाली घेतला.

माईंना फारसं दिसत नाही. उजेड कळतो. दारात कुणी उभं राहिलं तर कळतं. गडद रंगाचा ठिपका कळतो. अक्षर कळत नाही, चेहराही नाही.

"तोंडानं सांग की. तोंड पुण्यात ठेवून आलास का?"

"माझ्या फोनवर आधी नुसता बाजार होता, माई. पानंच्या पानं चित्रांची. मी एकेक उचललं. सारख्याला सारखं लावलं, खणांत घातलं, नको ते काढून टाकलं. आता फोन उघडला की समोर काहीच नाही. नुसतं निळं. आणि खाली एक चित्र."

"कशाचं?"

"ध्यानाला बसायच्या घड्याळाचं."

"बरं."

"फोनचं जमलं. मनाचं का जमत नाही?"

माई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

मी तांब्या उंबऱ्याच्या डाव्या हाताला ठेवला आणि खांबाशी जाऊन बसले. तिथं मला एकटीलाच माहीत होतं की माई का हसल्या नाहीत... म्हणजे माईंना माहीत होतंच. दादाला नव्हतं.

आमची मठी गावाच्या टोकाला आहे, धरणाचं पाणी जिथवर चढतं तिथं. एक खोली, एक ओसरी, मोठ्या महाराजांची समाधी आणि एक चाफा. आमचं घर तिच्या मागंच. रोज ताक नेऊन देणं हे माझं काम. दुपारी अभ्यासालाही मी तिथंच बसते, कारण "गप्प का गं तू?" असं तिथं कुणी विचारत नाही.

मठीत एकच नियम आहे. उचललं तिथं ठेव.

तांब्या उंबऱ्याच्या डावीकडे. काठी खिळ्याला. काडेपेटी कोनाड्यात, तेलाच्या बुधल्याच्या पलीकडे. माईंना दिसत नाही म्हणून हा नियम आहे असं नवीन माणसाला वाटतं. पण तो मोठ्या महाराजांच्या वेळचा आहे, आणि तेव्हा माईंना सुईत दोरा ओवता येत होता.

विश्वजितदादा हा नियम सगळ्यांत जास्त पाळतो. पहिल्या-पहिल्यांदा त्यानं पाट सरकवला होता आणि माई अडखळल्या होत्या. तेव्हापासून तो तांब्या उचलायचा तर आधी जमिनीवर बोटानं गोल काढतो आणि त्या गोलातच परत ठेवतो. गावातल्या आम्ही मुली त्याला हसायचो.

तो पुण्यात एका कंपनीत आहे. फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, ते तो ठरवतो. माणसाचं बोट आपसूक कुठं जातं, याचंच त्याचं शिक्षण झालं आहे. दर शनिवारी मोटारसायकलवरून येतो. त्याला माईंचा अनुग्रह हवा आहे, म्हणजे माईंनी त्याला शिष्य म्हणावं आणि कानात मंत्र द्यावा. बरेच दिवस मागतो आहे. माई म्हणतात, "बघू."

मठीतलं काहीही तो हलवत नाही.

फोन मात्र त्याला मठीतला वाटला नाही.

माईंकडे फोन आहे, याचं नवीन माणसाला नवल वाटतं. कुणी भक्तानं दिलेला. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात काय काय घालून ठेवलं होतं. पंचांग, हवामान, बाजारभाव, दोन-दोन विजेऱ्या, कुणाच्या तरी नातवाचा मोटारी पळवायचा खेळ. पडद्यावर नुसती गर्दी.

माईंना त्यातलं एकच लागायचं. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातलं हिरवं चित्र. ते दाबलं, मग मधोमध एकदा दाबलं, की गोदाक्का बोलायच्या.

गोदाक्का म्हणजे माईंच्या गुरुबहीण. दोघी एकाच वयाच्या, एकाच महाराजांच्या. महाराजांनी त्यांना एका खोलीत ठेवलं होतं आणि एक शिस्त घालून दिली होती. पहाटे जी आधी उठेल तिनं नामाला बसायच्या आधी दुसरीला विचारायचं, "जागी आहेस का?" आणि दुसरीनं म्हणायचं, "जागी आहे." त्याशिवाय बसायचं नाही. एकटीनं जागं होऊन उपयोग नाही, असं महाराज म्हणायचे.

पुढं त्यांनी गोदाक्कांना पलीकडच्या डोंगरावरच्या मठीत पाठवलं. मधे धरण झालं, रस्ता लांबला. कितीतरी वर्षं दोघी पहाटे मनातल्या मनात विचारायच्या आणि मनातल्या मनात उत्तर द्यायच्या. माई म्हणतात, ते काही खरं नव्हे. आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं... उत्तर कधी चुकतच नाही.

मग फोन आले. डोंगरावर रेंज धड नाही. बोलणं तुटतं. पण बोललेलं भरून पाठवलं की दहा मिनिटांनी का होईना, जातं. ते मीच दोघींना लावून दिलं होतं. कोपऱ्यातली जागाही माईंनी आणि मी मिळून ठरवली होती. माई अंगठा ठेवून म्हणाल्या होत्या, "हा. इथं असू दे."

रोज पहाटे फोन टिंग करायचा. माईंचा अंगठा कोपऱ्यात जायचा.

"तारे, जागी आहेस का?"

माईंचं नाव तारा आहे, हे मला तेव्हा कळलं.

"जागी आहे गं."

एवढंच. मग दोघी आपापल्या मठीत डोळे मिटायच्या.

मागच्या पौर्णिमेला दादा आला होता. दुपारी माई पडल्या होत्या. त्यांचा फोन कोनाड्यात होता. दादानं तो घेतला आणि ओसरीवर बसून लावला. कपाळाला आठी घालून, जीभ दातांत धरून, अगदी मन लावून. रांगोळी काढताना माणूस बसतो तसा तो बसला होता. मी समोर बसून भूमिती सोडवत होते. तो काहीतरी सेवा करतो आहे, एवढंच मला कळलं.

सगळं त्यानं खणांत घातलं. खणांना नावं दिली. पुढचं पान मोकळं केलं. माईंच्या शांततेत व्यत्यय नको म्हणून टिंगचा आवाजही बंद केला. मग फोन उचलला होता तिथंच, कोनाड्यात, बुधल्याच्या अलीकडे, अगदी त्याच कोनात ठेवला.

दुसऱ्या पहाटेपासून फोन टिंग करेना.

माईंचा अंगठा कोपऱ्यात जायचा. तिथं आता एक खण होता. तो उघडायचा, पांढरा उजेड यायचा... आणि कुणी बोलायचं नाही.

हे मला पुढं कळलं. माईंनी तेव्हा मला काही सांगितलं नाही. मी रोज दुपारी तिथंच बसत होते. "रेवा, जरा बघ गं," एवढं म्हणायचा अवकाश होता.

मग एका दुपारी पलीकडच्या गावचा एक माणूस आला. लाँचनं धरण ओलांडून, पुढं चालत. उंबऱ्याशी उभा राहिला, आत आला नाही. पायांतलं काढलंही नाही.

"अक्का गेल्या," तो म्हणाला. "सगळं उरकलं. निरोप धाडला होता फोनवर एकाच्याकडनं... तुम्ही ऐकला नाही वाटतं."

माई जागच्या हलल्या नाहीत.

"कशी गेली?"

"ताप होता. पण पहाटे उठून बसायच्याच. फोनात विचारायच्या, तारी जागी आहे का. मग आम्हाला विचारायच्या, तारी काय म्हणाली रे?"

"तुम्ही काय सांगितलं?"

तो माणूस पायांकडे बघत राहिला.

"जाग्या आहेत, म्हणून सांगितलं. खोटं बोललो, माई."

"नाही," माई म्हणाल्या. "जागीच होते मी."

त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर माईंनी फोन माझ्या हातात दिला. मला हिरवं चित्र सापडायला वेळ लागला. ते मागच्या पानावर होतं, 'संपर्क' नावाच्या खणात, बाकीच्या आठ चित्रांत. त्याच्या डोक्यावर लाल ठिपका होता.

"लावू, माई?"

"नको."

"ऐकायचं नाही?"

"आत्ता नको."

चाफ्याखाली कोंबड्या माती उकरत होत्या.

"दादानं केलं हे," मी म्हणाले. माझा आवाज मला मोठा वाटला. "मी सांगते त्याला. शनिवारी आला की सांगते."

"विश्वजितला सांगू नकोस."

"पण त्यानंच..."

"त्यानं चित्र हलवलं. मी गप्प राहिले." माईंनी फोन माझ्याकडून घेतला आणि कोनाड्यात ठेवला. "आधी गोदी मला काहीतरी टोचून बोलली होती. मग फोन वाजेना. मी म्हटलं, रुसली असेल. रुसू दे. ती विचारत नाही तर मी तरी का विचारू? रोज पहाटे अंगठा टेकवायचा आणि रोज हेच म्हणायचं. दुपारी तू समोर बसलेली असायचीस. तुला म्हटलं नाही मी, की शोधून दे."

माई परत पाटावर येऊन बसल्या.

"चुकीचे दोन वाटे आहेत, रेवा. एक त्याचा, एक माझा. त्याचा लहान आहे. तू सांगितलंस तर तो दोन्ही उचलील."

हे सगळं शनिवारच्या आधी झालं होतं. म्हणून माई हसल्या नाहीत.

"फोनचं जमलं, मनाचं का जमत नाही?" दादा उत्तराची वाट बघत होता.

माई उठल्या. चार पावलं टाकून कोनाड्यापाशी गेल्या, हात घातला, फोन काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"हा आधी होता तसा लावून दे."

दादाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"आधी म्हणजे... मी लावायच्या आधी?"

"हां."

"माई, तो पसारा होता."

"होता. तसाच लावून दे."

तो हसला. मला वाटतं, त्याला ही परीक्षा वाटली. अनुग्रहाच्या आधी अशा परीक्षा असतात, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. तो मांडी घालून बसला, बाह्या सारल्या आणि खण मोडायला लागला.

"पंचांग... वरच्या ओळीत होतं. बहुतेक."

"बहुतेक?"

"वरच्याच. हवामान त्याच्या शेजारी. विजेरी..." त्याचं बोट थांबलं. "विजेरी खाली होती की काय..."

माई ताक प्यायल्या. तांब्या ठेवला, होता तिथं.

"हा मोटारींचा खेळ पहिल्या पानावर होता का गं, रेवा?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही माहीत नव्हतं. मला फक्त एकाच चित्राची जागा माहीत होती.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. चित्रं इकडून तिकडं नेत होता आणि परत आणत होता. पुण्यात तो हेच काम करतो, आणि आता त्याच्या कपाळावर घाम होता.

"नाही आठवत, माई."

"सगळी तूच उचललीस ना?"

"एकूण एक. माझ्याच हातानं."

"मग?"

"उचलताना... मी ते कुठं जायचं तेवढंच बघत होतो."

"आणि कुठनं उचलतोस ते?"

दादानं फोन मांडीवर टेकवला.

माईंचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तो परत खाली वाकला, 'संपर्क'चा खण मोडला, आणि म्हणाला, "अरे."

माझी पाठ खांबाला घट्ट टेकली.

"माई, यात निरोप साचलेत. गोदाक्कांचे. ऐकलेलेच नाहीत." त्यानं वर बघितलं. "तुम्हाला सापडलं नाही का हे?"

"सापडलं नाही."

"मला सांगायचं की हो, माई. एक फोन करायचा. मी सांगितलं असतं कुठं आहे ते." तो अजून हसत होता, पण थोडंच. "लावू?"

माईंनी पदर सारखा केला. मग पुन्हा एकदा केला.

"लाव."

आधी वाऱ्याचा आवाज आला. मग लांबून कोंबडा.

"तारे, जागी आहेस का?"

दादानं पुढचा लावला.

"तारे, जागी आहेस का? आज गारठा आहे बाई."

पुढचा.

"तारे... मागं मी बोलले, तुझ्या मठीत दिवा बटणावर लागतो, उद्या देवही बटणावर उठायचा... ते मनाला लावून घेतलंस होय? थट्टेनं म्हटलं गं."

दादा मोठ्यानं हसला. "गोदाक्का म्हणजे..." आणि माईंकडे बघून त्यानं हसू गिळलं. माईंचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. प्रत्येक निरोपानंतर त्या काहीतरी म्हणत होत्या. मी जवळ होते म्हणून मला कळलं. "जागी आहे," असं म्हणत होत्या.

पुढच्यात खोकला होता. बोलण्यापेक्षा खोकलाच जास्त.

त्याच्या पुढच्यात आवाज इतका बारीक होता की दादानं फोन माईंच्या कानाशी नेला. तरी मला ऐकू आलं, कारण तेव्हा कोंबड्यासुद्धा गप्प होत्या.

"तारे... जागी नसलीस तर नीज. मी आहे जागी."

शेवटच्यात कुणी बोललंच नाही. नुसता श्वास. मग कुठंतरी घंटा हलली, आणि संपलं.

"हा चुकून दाबला गेला असेल," दादा म्हणाला.

"असेल."

"आणि त्यानंतर काही नाही." त्यानं बोटानं वर-खाली करून बघितलं. "एक आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरावरनं, तो नंतर बघू. बऱ्या आहेत ना गोदाक्का? लावू का फोन? रेंज मिळाली तर मिळाली. पण या वेळेला पडल्या असतील त्या..."

मी माईंकडे बघितलं. आता सांगतील, असं मला वाटलं.

"नाही," माई म्हणाल्या. "ती आता जागीच असते."

दादानं मान डोलावली. मोठ्या साधकांचं असतंच तसं, असं त्याला वाटलं असेल. त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. मी ताकाच्या तांब्याकडे बघत राहिले.

"नंबर असू दे," माई म्हणाल्या. "लावू नकोस."

"बरं. मग हे हिरवं चित्र तरी नीट जागेवर ठेवून देतो. परत असं व्हायला नको." तो सरसावून बसला. आता तो त्याच्या कामात होता. "तुम्ही फोन उजव्या हातात धरता. म्हणजे अंगठा पडतो तो इथं, खालच्या कोपऱ्यात. डोळे मिटले तरी माणसाचं बोट तिथंच जातं. हीच याची जागा. ठेवू?"

तिथंच होतं, दादा. ते माझ्या जिभेवर आलं होतं. तिथंच होतं की रे.

माईंनी हात पुढं केला. फोन घ्यायला नव्हे. त्याच्या मनगटावर ठेवला, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"आता कुठंही ठेव," त्या म्हणाल्या.

त्यानं ते कोपऱ्यातच ठेवलं.

निघताना तो नेहमीसारखा पाया पडला. मग उभा राहून, दोन्ही हात पुढं बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा म्हणाला, "माई, माझा प्रश्न राहिला."

"राहू दे. जागेवर आहे."

मी त्याच्याबरोबर चाफ्यापर्यंत गेले. मोटारसायकल सुरू करायच्या आधी तो थांबला.

"रेवा, माई रागावल्यात का गं माझ्यावर?"

"नाही."

"मग त्यांनी माझ्या मनगटावर हात का ठेवला?"

मी खाली बघितलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी बोलतच नाही.

"त्या शेवटच्या निरोपात..." दादा म्हणाला. मग हेल्मेट घातलं, परत काढलं, मठीच्या दाराकडे बघितलं. "काही नाही."

आणि गेला. नेहमी वळणावर हॉर्न देतो. त्या दिवशी दिला नाही.

परवा आमची गाय लवकर उठली म्हणून मीही उठले. मठीच्या मागनं जाताना खिडकीत उजेड दिसला. माई बसल्या होत्या. फोन हातात होता, पडदा काळा होता. अंगठा कोपऱ्यात टेकलेला. तोंड पाण्याकडे, डोंगराच्या दिशेला.

"गोदे," त्या म्हणाल्या, "आज मी आधी उठले."

मग थांबल्या. जितका वेळ दुसऱ्या माणसाला उत्तर द्यायला लागतो, तितका वेळ थांबल्या. मग डोळे मिटले.

मी पाय न वाजवता निघून आले.

आज शुक्रवार. दुपार आहे आणि मी ओसरीवर बसून हे लिहिते आहे. माई आत पडल्या आहेत. भूमितीची वही मांडीवर आहे, म्हणजे कुणी बघितलं तर अभ्यासच वाटेल. उद्या दादा येईल. गेल्या शनिवारी जाताना त्याच्या काहीतरी लक्षात आलं असेल, किंवा नसेलही. मला एवढंच वाटतं की त्याला निदान हे तरी कळायला हवं, की माईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला तो रागानं नव्हता, आणि ते चित्र पहिल्यापासून त्याच कोपऱ्यात होतं, आणि त्या पहाटे गोदाक्का काही बोलल्या नाहीत कारण

"रेवा."

माई जाग्या होत्या.

"मघापासून पेन ऐकतेय मी तुझं. गणितं इतकी भराभर नाही सुटत कुणाला. काय उचललंयस?"

मी पेनाला टोपण लावलं.

"होतं तिथं ठेव. आणि आत ये."